पीएसएलव्ही दोनदा पडलं: इस्रोच्या रॉकेटांचा आणि पैशाचा हिशोब नव्यानं मांडायला हवा

काळीकसदार, दारव्हा तालुका

१२ जानेवारी २०२६ ला आमच्याकडे तुरीची सोंगणी चालू होती. सव्वादहाच्या सुमारास मी धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसून मोबाइलवर पीएसएलव्ही-सी६२ चं उड्डाण पाहत होतो. आमच्या वावरात नेटवर्क त्या बाभळीखालीच येतं. पहिला टप्पा सुटला, दुसरा सुटला. सोंगणीवाल्या दोघी बायाही येऊन मागे उभ्या राहिल्या. तिसऱ्या टप्प्याच्या शेवटाकडे नियंत्रण कक्षातली माणसं गप्प झाली. एकीनं विचारलं, "पडलं का जी?" मी हो म्हटलं. ती काही न बोलता परत विळा घेऊन कामाला लागली. मला मात्र त्या दिवशी काम सुचलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी, १८ मे २०२५ ला, सी६१ सुद्धा तिसऱ्याच टप्प्यात गेलं होतं. त्याआधीच्या ६२ उड्डाणांत पीएसएलव्ही पूर्ण फसलं ते दोनदाच, १९९३ च्या पहिल्या उड्डाणात आणि २०१७ मध्ये उष्णताकवच उघडलं नाही तेव्हा. असं भरवशाचं रॉकेट लागोपाठ दोनदा एकाच टप्प्यावर पडतं, तेव्हा पुढची तारीख ठरवण्याआधी थांबून विचार करायला हवा. म्हणून हा धागा काढतो आहे.

माझा याच्याशी काय संबंध, ते आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये नाल्याचं पाणी सोयाबीनमध्ये शिरलं आणि नऊ दिवस उभं राहिलं. शेंगा धरायची वेळ होती. ७२ तासांच्या आत तक्रार केली. विमा कंपनीचा मुलगा अकराव्या दिवशी आला, तोवर पाणी ओसरलं होतं. झाडं पिवळी पडून चिखलात आडवी झाली होती, त्यांचे त्यानं फोटो काढले. पुढे तालुक्याला विचारायला गेलो तर उत्तर मिळालं की उपग्रहाच्या चित्रात तुमच्या भागात नुकसान दिसत नाही. मी म्हटलं, चित्र दाखवा. त्या माणसानं खरोखर संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. नदी दिसत होती, रस्ता दिसत होता, आणि आमच्या गावावर पांढरा पट्टा होता. ढग! ढगाखालचं वावर त्या चित्रात नव्हतंच. नुकसान दिसत नाही हे खरं होतं, कारण वावरच दिसत नव्हतं.

तेव्हापासून मी वाचायला लागलो. उपग्रहाचे डोळे दोन तऱ्हेचे असतात. एक कॅमेऱ्यासारखा, त्याला उजेड लागतो आणि मोकळं आभाळ लागतं. दुसरा रडारचा. तो स्वतः लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींवरून चित्र बनवतो, त्यामुळे रात्र असो की ढग, त्याला फरक पडत नाही. विदर्भात जून ते सप्टेंबर खरीप उभा असतो आणि त्याच चार महिन्यांत आभाळ झाकलेलं असतं. म्हणजे कापूस, सोयाबीन, धान पाहायचं तर आपल्याला रडारच पाहिजे. आपला सी-बँड रडारचा ईओएस-०४ फेब्रुवारी २०२२ पासून काम करतो आहे. त्याच्या जोडीला जायचा होता ईओएस-०९, तोही रडारचा. तोच सी६१ वर होता.

त्याआधी १२ ऑगस्ट २०२१ ला जीएसएलव्ही-एफ१० हे इस्रोचं दुसरं रॉकेट फसलं. त्यावर ईओएस-०३ होता. ३६ हजार किलोमीटरवरून भारताकडे सतत बघत राहायचं आणि पूर, वादळ यांची चित्रं पुन्हा पुन्हा पाठवायची, हे त्याचं काम होतं. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ हा दिशादर्शनाचा उपग्रह नीट वर गेला, पण झडप न उघडल्यानं ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. आणि आता सी६२ सोबत १६ उपग्रह गेले. मुख्य उपग्रह संरक्षणाच्या कामाचा होता आणि बाकीच्यांत नव्या कंपन्यांनी, विद्यार्थ्यांनी जीव ओतून केलेले छोटे उपग्रह होते.

चंद्रयान-३ उतरलं तेव्हा मी रडलो होतो, आणि त्यावर झालेल्या सुमारे ६१५ कोटींतला एक रुपयाही मला जास्त वाटत नाही. पण जमिनीकडे बघणारे उपग्रहच एकामागून एक हातचे जात आहेत, आणि एक गेला की दुसरा तयार व्हायला वर्षं लागतात. माझं म्हणणं असं आहे की सध्या आपण रॉकेटापासून विचार सुरू करतो. तो वावरापासून सुरू व्हायला हवा. देशाला दर आठवड्याला कोणती माहिती लागते ते आधी ठरवा. त्यावरून किती उपग्रह लागतील आणि किती राखीव ठेवायचे ते ठरवा. मग त्यांना वर न्यायला कोणतं रॉकेट, किती वेळा, ते बघा. पैसा या क्रमानं द्या. पीएसएलव्ही पूर्णपणे उद्योगांकडे सोपवून इस्रोनं त्यातून मोकळं व्हावं, असंही मला वाटतं. तुम्ही सगळे काय म्हणता?

---

वैनगंगाकाठ, पवनी

भाऊ, तुमच्या सोयाबीनचं वाचून वाईट वाटलं. पण मी उलट बाजूनं बोलतो. आमच्याकडे उपग्रह नसला तरी चालेल, कालवा पाहिजे.

गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन एप्रिल १९८८ मध्ये झालं. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे सुधारित आकडा १८,४९४ कोटींवर गेला, आणि आमच्या वडलांनी ज्या पाण्याची वाट पाहिली ते शेवटच्या शेतापर्यंत अजून नीट पोचलं नाही. धरणाची भिंत माझ्या घराच्या गच्चीवरून दिसते. माझ्या मामांचं गाव त्या पाण्याखाली आहे. आता मला सांगा, नव्या रॉकेटासाठी मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये ८,२४० कोटी मंजूर केले. मानवी उड्डाण आणि अवकाश स्थानकाच्या पहिल्या भागासाठी २०,१९३ कोटी. तिसऱ्या प्रक्षेपण तळासाठी जवळपास ४,००० कोटी. हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर तो अर्धवट कालवा येतो. राग इस्रोवर नाही. पण पैसा कुठं आधी जावा हे विचारायचा हक्क आम्हाला आहे.

---

काळीकसदार

दादा, हक्क तर आहेच, आणि तुमचा प्रश्न टाळणार नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अवकाश विभागाला १३,४१६ कोटी होते. एकूण अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा. म्हणजे शंभर रुपयांतले साधारण २६ पैसे. त्याच वर्षी एकट्या पीएम-किसानला ६३,५०० कोटी होते. इस्रो बंद करून कालवा होणार नाही. तुमचा कालवा ज्या कारणांनी अडला ती कारणं तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहेत, आणि त्यात रॉकेट कुठं येत नाही.

मात्र गोसीखुर्दचा आकडा तुम्ही दिला ते बरं केलं. ३७२ चे १८ हजार कसे होतात, हे आपण विदर्भातली माणसं डोळ्यांनी पाहिलेली आहोत. नव्या रॉकेटाचे ८,२४० कोटी तेवढ्यातच राहावेत, यावर आपण जितकं लक्ष ठेवू तितकं दुसरं कोण ठेवणार?

---

झाडीपट्टी, सिंदेवाही

मला रॉकेट म्हटलं की २०२२ चा गुढीपाडवा आठवतो. २ एप्रिल. संध्याकाळचे पावणेआठ झाले असतील. आम्ही अंगणात बसलो होतो आणि आभाळातून आगीची रेघ गेली. एक नाही, पाठोपाठ बऱ्याच. आवाज फार नव्हता. आजीनं हात जोडले. कोणी म्हणालं विमान पडलं, कोणी म्हणालं उल्का. तासाभरात फोन आला की लाडबोरीला काहीतरी पडलं आहे.

मी दुसऱ्या दिवशी पाहिलं ते. लोखंडी वाटावं असं कडं, बंडीच्या चाकाच्या दुप्पट, दहा फुटांच्या आसपास रुंद. काठ एके ठिकाणी जळून काळे-निळे झाले होते. ज्या मोकळ्या जागेत ते पडलं तिथून घरं हाकेच्या अंतरावर. पवनपारकडे गोळा सापडला, सुतळीसारखे धागे गुंडाळलेला. पोलीस स्टेशनला नेऊन ठेवलं तेव्हा पोरांची रांग लागली होती. पुढे इस्रोची माणसं येऊन तपासायला घेऊन गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च-३बी रॉकेटाचा तो वरचा टप्पा असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं. म्हणजे वर्षभर तो आभाळात फिरत होता आणि पाडव्याला आमच्यावर आला.

माझं सांगणं एवढंच की रॉकेटाचा हिशोब करताना ते वर गेल्यावर त्याच्या रिकाम्या डब्याचं काय होतं, हेही पैशात धरा. बांधीत माणसं असती तर? इस्रोनं या बाबतीत चांगलं काम केलं आहे, ते सांगायला पाहिजे. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा रिकामा सोडून न देता त्यावरच प्रयोग बसवायचे, आणि काम झालं की त्याला खाली आणून जाळायचं, असं ते करतात. मार्च २०२४ मध्ये त्यातला एक असाच संपवला, मागे काही न ठेवता. २०३० पर्यंत आपली कोणतीही मोहीम कचरा सोडणार नाही असंही जाहीर केलं आहे. नवं रॉकेट होईल त्यात ही अट पहिल्या कागदापासून असावी. ज्यांच्या गावात पडलं त्यांना हे सांगायचा अधिकार आहे असं मी समजतो.

---

फिटर, आर्वी

मी बुटीबोरीत एकवीस वर्षं आधी लेथवर आणि मग संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर काम केलं. आता गावी संत्र्याची बाग पाहतो. धागालेखकाच्या मूळ म्हणण्याशी सहमत आहे, पण पीएसएलव्ही सोडून द्या या सूचनेशी नाही. का ते सविस्तर लिहितो.

आपल्याकडे आज चार रॉकेटं आहेत. एसएसएलव्ही, ५०० किलोपर्यंत. पीएसएलव्ही, पावणेदोन टनांच्या आसपास, पृथ्वी पाहणाऱ्या उपग्रहांच्या कक्षेत. जीएसएलव्ही. आणि एलव्हीएम३, जे ६४० टनांचं धूड आहे, चंद्रयान-३ त्यावरच गेलं आणि डिसेंबर २०२५ पर्यंतची त्याची सगळी उड्डाणं यशस्वी आहेत. ही चार नावं असली तरी घरं वेगळी नाहीत. पीएसएलव्हीचा पहिला घन इंधनाचा टप्पा तोच जीएसएलव्हीचा गाभा. विकास हे द्रव इंधनाचं इंजिन तिघांत लागतं. जीएसएलव्हीवरूनच जुलै २०२५ मध्ये निसार हा रडारचा उपग्रह गेला. उद्या पीएसएलव्हीची ऑर्डर थांबली तर त्याच वर्कशॉपमध्ये, त्याच साच्यांवर होणारे जीएसएलव्हीचे भाग महाग होतील आणि हाताची सवयही जाईल.

ही सवय काय असते ते सांगतो. आमच्याकडे एकदा अवकाशाच्या कामाचे पाच नग आले. भिंत पातळ, धातू चिवट. पहिला नग बाद झाला. दुसऱ्याला तीन आठवडे लागले. पाचवा चार दिवसांत झाला, कारण टूल कुठं थरथरतं, कुठं थांबून गार होऊ द्यायचं, हे तोवर हाताला कळलं होतं. त्यानंतर दीड वर्ष ऑर्डर नाही. पुन्हा आली तेव्हा ज्यानं ते नग केले होते तो पोरगा पुण्याला निघून गेला होता. आम्ही परत पहिल्या नगापासून सुरू केलं. पीएसएलव्ही २०२२, २३, २४ मध्ये वर्षाला तीनदा उडालं, २०२५ मध्ये एकदाच. तिसरा टप्पा म्हणजे केव्हलारच्या धाग्यांचं कवच, आत घन इंधन, आणि जळताना आतला दाब ठरल्याप्रमाणे राहायला हवा. सी६१ मध्ये तो दाबच घसरला. अशी वस्तू वर्षात एकदा करायची नसते. ती सतत करत राहावी लागते.

म्हणून पीएसएलव्ही उद्योगांकडे द्या, पण इस्रोची तपासणी ठेवून, आणि ऑर्डर एकदम पंधरा-वीसची द्या. २०२२ मध्ये एचएएल आणि एल अँड टी यांना पाच रॉकेटांचं काम ८६० कोटींना दिलं. दिशा बरोबर आहे, आकडा लहान आहे. आपल्या नागपूरकडेही हे काम येऊ शकतं, आलेलंही आहे. पीएसएलव्हीला बाजूनं जोडतात ती पीएसओएम-एक्सएल मोटर नागपूरच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्ह्ज लिमिटेडनं बनवली आणि २०२२ मध्ये तिची जमिनीवरची चाचणी झाली.

आता नव्या रॉकेटाबद्दल. एनजीएलव्ही ३० टन खालच्या कक्षेत नेईल आणि त्याचा पहिला टप्पा परत उतरवून पुन्हा वापरायचा आहे. आजच्या एलव्हीएम३ च्या तिप्पट भार, दीडपट खर्चात, असं सरकार म्हणतं. काम आठ वर्षांचं, म्हणजे वर्षाला साधारण हजार कोटी. मला ते पटतं. घन इंधनाची नळी पेटली की विझवता येत नाही आणि विकासचं इंधन विषारी आहे, हे दोन्ही सोडून मिथेन आणि द्रव ऑक्सिजनकडे जाणं योग्य आहे. आपला ४,७०० किलोचा दळणवळणाचा उपग्रह जीसॅट-एन२ नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतून फाल्कन-९ रॉकेटावर पाठवावा लागला, कारण एलव्हीएम३ ची झेप चार टनांच्या आसपासची. नंतर ती ४,४१० किलोपर्यंत नेली.

पण परत वापरायचं रॉकेट केव्हा परवडतं? पुष्कळ उडालं तर. फाल्कन-९ २०२५ मध्ये दीडशेहून जास्त वेळा उडालं. इस्रोची त्या वर्षातली सगळी मिळून उड्डाणं पाच. पाच उड्डाणांसाठी पहिला टप्पा परत आणणं म्हणजे वर्षातून दोन दिवसांसाठी ट्रॅक्टर घेण्यासारखं आहे. म्हणून धागालेखक म्हणतात तो क्रमच बरोबर. उपग्रहांची मागणी आधी उभी करा, नाहीतर चांगलं रॉकेट तळावर उभं राहील.

---

शाळामास्तर, मालेगाव जि. वाशीम

सगळ्यांचं वाचलं. मानवी उड्डाणाच्या २०,१९३ कोटींवर वर नाराजी दिसली, म्हणून लिहितो.

२३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी आम्ही शाळा उघडली होती. पाचवी ते सातवीची मुलं, काही पालक आणि एक प्रोजेक्टर. सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रयान-३ चा विक्रम चंद्रावर उतरला. त्यानंतर आठ दिवस वर्गात गणिताचे प्रश्न मी त्याच आकड्यांवर दिले. वेग किती होता, किती वेळात शून्यावर आला. एरवी भागाकाराला घाबरणारी एक मुलगी फळ्यापर्यंत आली. आपले अंतराळवीर शुभांशू शुक्ला जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले तेव्हाही तसंच झालं. मुलांना माणूस दिसतो तेव्हा ती विचारतात, सर, मी जाऊ शकेन का? हा प्रश्न रडारच्या उपग्रहावरून येत नाही.

तुमच्या सोयाबीनचं दुःख मला कळतं, माझ्या घरीही चार एकर आहे. पण एकाचा पैसा दुसऱ्याला द्या असं करू नका. दोन्ही मागा.

---

सरकी, हिंगणघाट तालुका

नमस्कार. मले रॉकेटातलं फार समजत नाही, पण पावसाचं समजते. मी अन् माझी सासू मिळून सहा एकर करतो, मालक गेल्यापासून.

आमच्या मंडळाचं पाऊस मोजायचं यंत्र चौदा किलोमीटरवर आहे. एका रात्री आमच्या नाल्याले पूर आला, पऱ्हाटी झोपली, विहिरीत गाळ गेला. मंडळाच्या यंत्रात ५८ मिलिमीटर. अतिवृष्टी धरायची तर २४ तासात ६५ पाहिजे. सात मिलिमीटर कमी पडले म्हणून पंचनामाच नाही झाला. मी घरी पत्र्याच्या डब्यात मोजलं होतं, पट्टी लावून, ते एकशे दहाच्या वर होतं. तो डबा घेऊन मी तालुक्याले गेली. डबा कोण मानते?

गुरुजी, तुमचं खरं आहे, पोरांले स्वप्न पाहिजेच. अन् दादा, तुमचं रडारही पाहिजे. पण मी एक विचारते. उपग्रहानं वरून पाहिलं, अन् खाली ताळा पाहायले काहीच नसलं, तर त्या चित्रावर विश्वास कोण ठेवीन? एका मंडळात वीस-पंचवीस गावं. त्यायले यंत्र एक. रॉकेटाच्या पैशातला थोडासा, अगदी मीठ-मिरचीएवढा, गावागावात पाऊस मोजायच्या यंत्राले लावा. मग वरचं अन् खालचं जुळवून पाहता येईल. आता २०२५ च्या खरिपापासून तर विम्यात मधातल्या नुकसानीचं काढूनच टाकलं, नुसत्या पीक कापणी प्रयोगावर ठेवलं. म्हणजे ऑगस्टमधलं पाणी ऑक्टोबरच्या कापणीत जेवढं दिसन तेवढंच.

---

काळीकसदार

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून दोनदा उठलो आणि दोनदा परत येऊन बसलो. ५८ आणि ६५. मी उपग्रहाच्या मागे लागलो आणि डब्याचं विसरलो. तुमचं म्हणणं माझ्या धाग्यात पहिल्या ओळीत असायला हवं होतं.

फिटर दादा, पीएसएलव्ही सोडून द्या हे मी मागे घेतो. चारी रॉकेटं एकमेकांत इतकी गुंतली आहेत हे मला माहीत नव्हतं. पंधरा-वीसची ऑर्डर एकदम, हे पटलं.

पैशाबद्दल एक गोष्ट सापडली ती लिहितो, कारण गुरुजी म्हणतात तसं एकाचं काढून दुसऱ्याला द्यायची गरजच पडू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेला इन्सॅट-३डीएस हा हवामानाचा उपग्रह. त्याचा सगळा पैसा पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं दिला. ज्या खात्याला गरज होती त्यानं मागणी केली, त्यानंच खर्च उचलला, इस्रोनं बनवून पाठवला. मग शेतीच्या खात्यानं स्वतःचे रडार उपग्रह का मागू नयेत? पीक विमा त्या खात्याचा, उत्पादनाचा अंदाज त्या खात्याचा, नुकसानभरपाईचा वाद शेवटी त्यांच्याच दारात. त्यांनी दहा वर्षांसाठी चार उपग्रह मागितले आणि गावागावातली पर्जन्यमापकं त्याच मागणीत धरली, तर इस्रोच्या २६ पैशांना हात न लावता काम होईल. फिटर दादांना हवी असलेली ऑर्डरही त्यातूनच येईल.

निसारबद्दल थोडं. तो दर १२ दिवसांनी एकाच जागेवरून जातो, दोन रडार घेऊन, एल-बँडचं नासाचं आणि एस-बँडचं आपलं. माहिती सगळ्यांना खुली ठेवायची असं ठरलेलं आहे. आपल्या वाट्याचा खर्च ७८८ कोटी. १२ दिवस माझ्या नऊ दिवसांच्या पाण्याला पुरत नाहीत, म्हणून एकावर भागत नाही. ईओएस-०९ असता तर मधले दिवस भरले असते.

---

फिटर, आर्वी

मागे घेतल्याबद्दल आभार. एक राहिलं होतं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आमच्या वर्कशॉपमध्ये नग बाद झाला की त्याला लाल रंगाचा पट्टा मारून टेबलावर ठेवायचे, सगळ्यांना दिसेल असा. खाली कागद, काय चुकलं त्याचा. इस्रोही पूर्वी असंच करत आलं आहे. जीएसएलव्ही-एफ१० फसलं तेव्हा हायड्रोजनच्या टाकीतली झडप गळत होती आणि दाब पुरला नाही, हे त्यांनी लोकांना सांगितलं. ऑगस्ट २०२२ मध्ये एसएसएलव्ही पहिल्याच वेळी फसलं, तेव्हा दुसरा टप्पा वेगळा होतानाच्या हादऱ्यांनी कंपनं मोजणारे संवेदक गोंधळले, हेही सांगितलं, आणि सहा महिन्यांत तेच रॉकेट यशस्वी उडवलं. सी६१ चा चौकशी अहवाल मात्र सी६२ उडेपर्यंत लोकांपुढे आला नाही. आणि सी६२ त्याच टप्प्यात गेलं.

आता या कामात बाहेरच्या कंपन्या येणार, त्यांचे उपग्रह येणार, वर्कशॉपं येणार. त्या सगळ्यांना लाल पट्टा दिसला पाहिजे. ज्यानं कवच बनवलं त्यालाही कळलं पाहिजे की कुठं कमी पडलं. गुप्ततेची गरज असलेला भाग झाकून ठेवा, पण कारण सांगा.

---

वैनगंगाकाठ, पवनी

मी आकड्यांवरून सुरुवात केली होती. अहवालाचं वाचून वाटलं, आमच्या कालव्याचंही दुखणं तेच. काय चुकलं ते कागदावर कधी आलंच नाही, म्हणून तेच परत परत चुकलं.

खात्यानं मागणी करायची ही गोष्ट पटली. पण खात्याला सांगणार कोण? आपण इथं लिहून तिथं पोचत नाही.

---

काळीकसदार

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे. मी ठराव मांडणार आहे. मजकूर असा:

"पीक नुकसानीच्या प्रत्येक पंचनाम्यावर आणि विमा निर्णयाच्या कागदावर, जर उपग्रहाचं चित्र वापरलं असेल तर, त्या उपग्रहाचं नाव, चित्र घेतल्याची तारीख, आणि चित्र कॅमेऱ्याचं आहे की रडारचं हे लिहावं. चित्रात शेत ढगाखाली असेल तर तसं नमूद करावं, आणि ते चित्र नुकसान नसल्याचा पुरावा धरू नये. प्रत्येक गावात पर्जन्यमापक बसवावं. खरिपासाठी पुरेसे रडार उपग्रह उभारण्याची मागणी कृषी विभागानं केंद्राकडे करावी."

कमी-जास्त सुचवा.

---

झाडीपट्टी, सिंदेवाही

आमच्या ग्रामसभेतही मांडतो. एक ओळ वाढवली आहे: आभाळातून पडलेल्या अवशेषांची माहिती तलाठ्यानं कुणाला कळवायची, त्याचा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर असावा. त्या रात्री आम्हाला कुणाला फोन करायचा तेच कळत नव्हतं.

---

सरकी, हिंगणघाट तालुका

दादा, मी तुमचा ठराव वहीत उतरवून ग्रामसेवकाले दाखवला. त्यायनं पूर्ण वाचला. म्हणे, ढगाखालचं वाक्य जसंच्या तसं ठेवा, ते आपल्या कामाचं आहे. पर्जन्यमापक शाळेच्या गच्चीवर बसवता येईल, जागा दाखवतो म्हणे. उद्या सकाळी मी अन् सासूबाई पाहायले जाऊन रायलो. डबा सोबत घेते.